एका पाकिटासाठी तीन लग्नं

नाशिक, द्वारका

आमची आई रागावली की भांडत नाही, डबा भरत नाही. सुरगाण्याला निघाले त्या सकाळी माझा डबा ओट्यावर तसाच उपडा होता, त्यावरून मी काय ते समजले. मी चपला घालायला लागल्यावर मात्र तिला राहवेना.

"स्वतःच्या लग्नाचा पत्ता नाही आणि ही निघाली जगाला पाळणा कसा लांबवायचा ते शिकवायला!"

तिचं अगदीच चुकत नव्हतं. मी पंचवीस वर्षांची, बिनलग्नाची, नाशकातल्या मुलींच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. आमच्याकडे 'लोकसंख्या शिक्षण' हे नवं प्रकरण आलं तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, ट्रेनिंगला कोण जाणार? सगळ्या लग्न झालेल्या बाया जमिनीकडे बघायला लागल्या. मी एकटीच वर बघत होते, म्हणून गेले. आणि ट्रेनिंग झालंच आहे तर पाच दिवस डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन मुलींना दोन शब्द सांगून या, असं एका सेवाभावी मंडळाने सुचवल्यावर मी लगेच हो म्हणाले. मला दोनच्या जागी दोनशे शब्द बोलायची सवय आहे.

द्वारकेच्या चौकात जीप उभी होती. चालवणारे अन्वरभाई, खाकी जाकीट घातलेले, मिशीला पीळ. आणि पुढच्या सीटवर मालतीताई. सत्तावीस वर्षं नर्स, पांढरी साडी अशी कडक की बसताना कागदासारखा आवाज यायचा. त्यांच्या मांडीवर एक जाड वही होती. पाच दिवसांत ती वही मी त्यांच्यापासून लांब अशी पाहिली नाही.

"हसू येतं का तुम्हाला, शिकवताना?" त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला.

"नाही," मी म्हणाले, आणि तिथेच हसले.

आश्रमशाळा

दिंडोरी, वणी, मग घाट. तो रस्ता मी वाचकांना सांगत बसत नाही. निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते आणि उरलेला निम्मा वेळ अन्वरभाईंचे मिटलेत की काय अशी शंका येत होती. घाट उतरल्यावर मात्र डोळे उघडले ते उघडलेच. भातं कापून झालेली, खाचरं रिकामी, झाडांच्या बेचक्यांत वैरण रचून ठेवलेली. नाशकात आम्ही कपाटावर बॅगा ठेवतो तशी यांनी झाडावर वैरण ठेवलेली.

आश्रमशाळेत नववी-दहावीच्या चाळीसेक मुली सारवलेल्या जमिनीवर बसल्या होत्या. मी माझा कापडी तक्ता भिंतीला टांगला. त्यावर गर्भाशयाचं चित्र होतं, मीच रात्री बसून रंगवलेलं. छान गुलाबी. मी छडी उचलली, घसा साफ केला आणि विचारलं, "हे काय आहे, कुणी सांगेल?"

मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. "बाई, बकरीचं डोकं."

मी वळून पाहिलं. खरंच हो! दोन शिंगं, लांबट तोंड, कान सुद्धा. आठ-नऊ वर्षं मी हे चित्र बघतेय, काढतेय, परीक्षेत भागांना नावं दिलीत, आणि मला बकरी कधी दिसली नव्हती. मी हसले, मुली हसल्या, दारातले हेडमास्तर कारण न कळता हसले आणि मालतीताईंनी कपाळाला हात लावला. पण त्यानंतर पोरी अशा मोकळ्या झाल्या की काय सांगू. पाळी, तिची तारीख, घड्या कशा धुवायच्या, उन्हात का वाळवायच्या, सगळं घडाघडा विचारत होत्या.

तोंडाने विचारायची लाज वाटेल ते चिठ्ठीवर लिहा, असं सांगून मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा फिरवला. पहिलीच चिठ्ठी उघडली: "सुरगाण्याच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसावं लागतं. त्याने दिवस राहतात का?"

मी म्हटलं, तसं असतं तर या तालुक्यात जीपवाल्यांना पुन्हा जीप चालवायला वेळच मिळाला नसता. अन्वरभाई बाहेर चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

आता हे लिहिताना मी त्या मुलींना हसत नाहीये. दहावीपर्यंत माझी स्वतःची खात्री होती की मूल मंगळसूत्रामुळे होतं. घातलं की होतं, नाही घातलं की नाही. काळ्या मण्यांत काहीतरी असणार. कुणी सांगितलंच नव्हतं, तर मला कळणार कुठून?

उंबरपाडा, दुपार

चौथ्या दिवशी आम्ही उंबरपाड्याला पोचलो. वारल्यांची पंचवीस-तीस घरं, कुडाच्या भिंती, अंगणात कोंबड्या. जीप वळणावर दिसली मात्र, आणि पाड्यातले सगळे गडी उठून पळत सुटले. कुणी खाचरातून, कुणी नाल्यातून, एकजण तर हातातला घास तसाच धरून. दोन मिनिटांत पाड्यात फक्त बाया, पोरं आणि शेळ्या.

"आणीबाणीतलं भ्या," मालतीताई शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा अशाच जीपमधून गडी नेले होते, ऑपरेशनला. सात-आठ वर्षं झाली, अजून पळतात. आपल्याला बायांशीच बोलायचंय. बरंच आहे."

मंगळी नावाच्या बाईच्या ओसरीवर आमचं दुकान मांडलं. तिने आधी जेवायला वाढलं: नागलीची भाकरी, उडदाचं कालवण आणि खुरासणीची चटणी. ती काळी चटणी मी आईला आणून द्यावी म्हणून पुडीत बांधून घेतली, आणि दोन दिवसांत मीच संपवली.

मग मालतीताईंनी वही उघडली. वरती ठळक लिहिलं होतं: पात्र जोडपी. खाली रकाने. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, लग्नाचं साल, मुलं. या वहीत नाव चढलं की मग तपासणी, रक्तदाब, आणि मग गोळ्यांचं पाकीट. पाळीच्या पाचव्या दिवसापासून रोज एक.

पहिली पुढे आली ती मंगळीची सून, यमुना. एकोणिसावं चालू, शाळेचा दाखला बरोबर आणलेला, काखेत गणिताचं पुस्तक.

"लग्नाचं साल?" मालतीताईंनी विचारलं.

"नाय झाला लगीन."

"मग काळू तुझा कोण?"

"नवरा."

मी ओठ दाबून बसले. मालतीताईंनी पेन खाली ठेवलं. "यमुने, मागच्या दोन खेपांनाही हेच सांगितलंस. लग्न नाही तर जोडपं नाही. जोडपं नाही तर वहीत नाव कसं चढवू?"

मंगळीने मला समजावून सांगितलं, कारण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. त्यांच्यात दोघांचं जमलं, मोठ्यांनी हो म्हटलं, की पोरगी घरात येते, नांदते. लग्न मागाहून. घरात भात भरपूर झाला, सगळ्या पाड्याला जेवू घालता आलं, धवलेरीला बोलावता आलं, की मग लग्न. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. त्याला पाच वर्षं लागतात, कधी पंधरा.

मला इतकं नवल वाटलं! आमच्याकडे लग्न दहा मिनिटांत आटोपतं: पांढरी साडी, बुद्धवंदना, दोन हार, फोटो. पण त्या दहा मिनिटांच्या आधी मुलाने मुलीकडे नीट बघितलं तरी कॉलनीत चर्चा. आणि लग्नानंतर वर्षभरात काही 'गोड बातमी' नाही आली तर तीच कॉलनी पुन्हा चर्चेला बसते. इथे लग्नाची कुणाला घाई नाही, आणि बाईला पुरोहित करतात. आमच्या शाळेतल्या शास्त्रीबाईंना हे सांगितल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

"अहो ताई, लिहून टाका ना एखादं साल," मी हळूच म्हणाले.

"खोटी नोंद? सत्तावीस वर्षांत केली नाही."

"आन मीबी करू देनार नाय," यमुना म्हणाली. "लगीन नसतां लगीन लिवला तं धवलेरीला तोंड काय दाखवू?"

म्हणजे त्या ओसरीवर खोटं बोलायला तयार अशी मी एकटीच निघाले.

"मग तुला गोळ्या एवढ्या कशाला हव्यात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, कारण मी अजून हसतच होते.

"गेल्या साली गणितात गेले. मार्चात परत पेपर हाय. सुटला तं नाशकाला नर्सचा ट्रेनिंग, दोन वर्सं ऱ्हावा लागतो. पोर झाला तं कसा जाऊ?" ती पुस्तकाचे कोपरे सरळ करत होती. "माझी मैत्रीन तारी. पेपर व्हता त्याच दिशी बाळंत झाली. माझ्यापरीस हुशार व्हती, बाई. मना गनित तीच शिकवायची."

माझं हसणं तिथे थांबलं. तारी कुठे आहे ते विचारायचं मला धाडस झालं नाही; तिनेच हाताने दाखवलं. समोरच्या अंगणात एक मुलगी कडेवर पोर घेऊन भात कांडत होती.

उद्या संध्याकाळी आम्ही निघणार होतो. जीपची पुढची फेरी होळीनंतर. तोवर काय होईल ते यमुनालाही माहीत होतं आणि मालतीताईंनाही. त्या पेनचं टोपण लावत होत्या आणि काढत होत्या.

एवढ्यात मंगळी म्हणाली, "मंग लगीनच लावू की! उंद्या. भात हाय, कोंबड्या हायेत, धवलेरी पल्याडच्या पाड्यावर हाय."

मी टाळ्याच वाजवल्या. अशी सासू मी जन्मात पाहिली नव्हती. पण टाळ्या संपायच्या आत मंगळीने स्वतःच्या तोंडावर हात मारला. "अगं आये! आदी माझा लागाया पायजे!"

"तुमचं काय?"

"लगीन!"

तिचंही झालेलं नव्हतं. बत्तीस वर्षं संसार, चार मुलं, एक सून. लग्न राहून गेलेलं. आणि आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोराला हळद लावता येत नाही. तेव्हा आधी मंगळी आणि देवजी, मग यमुना आणि काळू. एवढंच ना, मी म्हटलं, मग देवजीबाबांना बोलवा.

सगळ्या बायांनी टेकडीकडे पाहिलं. देवजीबाबा जीप बघून सगळ्यात आधी पळाले होते.

टेकडीखाली

तोवर नाल्यातून परत आलेला काळू, यमुना आणि मी टेकडीच्या पायथ्याशी उभ्या-उभ्या ओरडायला लागलो. वर एका कातळामागून पागोट्याचं टोक दिसत होतं.

"बा! खाली ये! तुजा लगीन हाय!"

"कोनाशी?"

"आयेशी!"

कातळ बराच वेळ विचार करत राहिला. मग आवाज आला, "ह्यो डाव हाय! बत्तीस वर्सांत तिला लगीन आठवला नाय, आन जीप आल्याव बरा आठवला!"

मला वाटलं, शिकलेल्या माणसाने शांतपणे सांगितलं तर पटेल. मी हाताचा कर्णा करून म्हणाले, "देवजीबाबा, आम्ही शिकवायला आलोय! तुम्हाला कुणीही काहीही करणार नाही!"

"मागल्या येळंबी हेच बोल्ले व्हते!"

अन्वरभाई म्हणाले, "मी जाऊन कसम खातो ना." ते चढायला लागले आणि वरून खाकी जाकीट दिसल्याबरोबर देवजीबाबा दुसऱ्या टेकडीवर. त्यांचं वय लक्षात घेता मी इतका सुंदर धावणारा माणूस पाहिलेला नाही. मी खाली बसून पोट धरून हसले. यमुना हसत नव्हती. ती सूर्याकडे बघत होती, किती खाली गेलाय ते.

मंगळीने मात्र नवऱ्याची नस ओळखली होती. तिने आमच्यापुढे तीन अटी ठेवल्या. सकाळी जीप तीन मैल लांब न्यायची. खाकी जाकीट जीपबरोबर जायचं. आणि पांढरी साडी पाड्यात दिसता कामा नये.

तिसरी अट ऐकून मी मालतीताईंकडे बघायचं टाळलं.

मांडव

सकाळी मालतीताई मंगळीच्या घरातून बाहेर आल्या त्या गुडघ्यापर्यंतच्या हिरव्या लुगड्यात. डोक्यावर पदर, हातात वही. ती वही त्यांनी लुगड्याच्या ओच्यात खोचली आणि मला बोटाने खूण केली: एक शब्द बोलायचा नाही. मी बोलले नाही. माझे खांदे काय करत होते ते मला ठाऊक नाही.

अन्वरभाई जीप घेऊन गेले. अंगणात चार मेढी रोवल्या, वर जांभळीच्या फांद्या टाकल्या, झाला मांडव. कुडाच्या भिंतीवर बायांनी तांदळाच्या पिठाने चौक काढला. डाक्या, म्हणजे त्यांचा ढोल, वाजायला लागला, आणि पहिल्या फेरीच्या आतच टेकडीवरून देवजीबाबा उतरले. आंघोळ केलेली, केसांना तेल चोपडलेलं. तेल टेकडीवर कुठून आलं कोण जाणे. त्यांनी पाड्याला एक चक्कर मारून जीप शोधली, हिरव्या लुगड्यातल्या मालतीताईंना कोपरापासून हात जोडले, आणि मंगळीशेजारी जाऊन बसले.

"पळालास काहून?" मंगळीने विचारलं.

"परत येऊन तुला बघाया मिळावा, म्हनून," ते म्हणाले. आणि मंगळी, चार पोरांची आई, लाजली.

तेवढ्यात शेजारचा एक गडी बायको आणि तीन मुलांसह येऊन उभा राहिला. मांडव घातलाच हाय तं आमचाबी लावा, म्हणाला. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. त्यांची सहा वर्षांची थोरली लेक आईबापाला हळद लावत होती आणि मन लावून कानामागे सुद्धा लावत होती.

मग नवरानवरीमध्ये धरायला कापड सापडेना. शोधाशोध झाली. माझ्याकडे एकच कापड होतं. मी म्हणाले, उलटं धरू या, मागची बाजू कोरी आहे. पण ऊन मागून येत होतं. बकरीचं डोकं, दोन्ही शिंगांसकट, तिन्ही लग्नांना साक्षी राहिलं.

धवलेरी सत्तरीची, कमरेत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. तिने आधी देवजी-मंगळीचं लग्न लावलं. हातावर तांदूळ ठेवले आणि शेवटचं आशीर्वादाचं गाणं धरलं: पयल्या भातां पयला पोर, दुसऱ्या भातां दुसरा पोर, पोरांनी घर भरूं दे. भात म्हणजे भाताचं एक पीक, एक वर्ष. बाया मागून सूर धरत होत्या.

"आता गं कसा!" मंगळी ओरडली. "माझा भात कापून झाला!"

सगळा मांडव हसला. धवलेरीही हसली, पण गाणं तिने पुरं केलं. शेजाऱ्यांच्या लग्नातही पुरं केलं. तीन मुलांच्या बापाने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. मग यमुना आणि काळू पुढे बसले. तांदूळ हातावर ठेवले, डाक्या घुमला, आणि धवलेरीने सुरू केलं: "पयल्या भातां…"

"आये, थांब."

यमुनेने म्हाताऱ्या हातावर आपला हात ठेवला होता. डाक्या बंद पडला.

"पयल्या भातां नको," यमुना म्हणाली. "मार्चात माझा पेपर हाय."

"गीत माझा नाय, पोरी. देवाचा हाय," धवलेरी म्हणाली. "मधी तोडला तं लगीन लागत नाय."

लग्न नाही म्हणजे वहीत नाव नाही. तीन लग्नांची धावपळ, मंगळीची कोंबडी, देवजीबाबांचं तेल, सगळं तिथे एका ओळीवर येऊन अडलं होतं. मला वाटलं, ही आता गप्प बसेल. मी बसले असते. मला बघायला आलेल्या माणसांसमोर मी कितीदा गप्प बसलेय.

"तोडू नको," यमुना म्हणाली. "फुडं ढकल."

धवलेरीने तोंडातलं पान या गालातून त्या गालात घेतलं. "किती भात?"

"तीन."

"तुजा काय म्हनना?" तिने काळूला विचारलं.

काळू आख्ख्या दोन दिवसांत माझ्यासमोर दहा शब्द बोलला नव्हता. "ती म्हनंल तितकं," तो म्हणाला. "गनित तिलाच येतं."

म्हातारीने डोळे मिटले. आधी नुसतंच गुणगुणली, शब्द चाचपत, आणि मग तिने खणखणीत सूर लावला. पयला भात पेपराचा, दुसरा भात नाशकाचा, तिसरा भात शिकायचा, चौथ्या भातां पोर येऊं दे. एका दमात, जणू ते गाणं पहिल्यापासून तसंच होतं. समोरच्या अंगणातून आलेली तारी, कडेवरचं पोर सावरत, पहिली मागे गायला लागली. मग सगळ्याच. मी रडत होते, हे मी लपवत नाही. हसतही होते.

मालतीताईंनी ओच्यातून वही काढली. मांडवातच उकिडवं बसून त्यांनी लग्नाचं साल लिहिलं, आणि मुलं या रकान्यात शून्य. यमुनेचा रक्तदाब घेतला, दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा तिचं काळीज फार धावत होतं. मग होळीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्यांचं पाकीट तिच्या हळदीच्या हातावर ठेवलं.

यमुना ते घेऊन धवलेरीपाशी गेली. इतका वेळ धीट असलेली पोर आता घाबरली होती.

"आये, देवाचा गीत बदलला. देव रागावंल का गं?"

धवलेरीने पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं, त्यावर दोन तांदूळ टाकले आणि परत तिच्या मुठीत दिलं.

"देवाला कुठं परीक्षा हाय?" ती म्हणाली. "थांबंल तो."